बोअरचं पाणी आणि वडिलांची पिकअप

प्रश्न : वडिलांची जुनी डिझेल पिकअप तीन वर्षं अंगणात उभी होती. घरीच दुरुस्त करून चालू केली, पण मोहोळच्या अलीकडेच इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर जातो. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाका. काढू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नको, दादा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणारी झडप. तो काढला तर इंजिन नीट तापत नाही, डिझेलही जास्त पितं. आधी सांगा, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता? बोअरचं असेल तर चोर घरातच आहे. माझ्या गाडीच्या नळ्यांतून चहाच्या किटलीत साचतो तसला पांढरा क्षारांचा थर निघाला होता; त्यानं नळ्या तुंबतात आणि इंजिन गार होत नाही. स्क्रूड्रायव्हरनं खरवडावा लागला.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. उन्हाळ्यात घाई केली तर वाफ थेट तोंडावर येते. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. झाकणाचं रबर, होसपाइप आणि फॅनबेल्टही बघा. उभ्या गाडीचं रबर तडकतं. ब्रेक ऑइल तर बदलाच, ते हवेतला ओलावा ओढतं. रंगाचं दिवाळीला बघू.