‘तक्रार साठी दोन दाबा’ का खटकतं?

प्रश्न असा आहे: फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाज ‘तक्रार साठी दोन दाबा’ म्हणतो, ते कानाला बोचतं. ‘साठी’ऐवजी ‘करिता’ वापरलं तर चालेल का?

नाही, ‘करिता’नं काही सुधारणार नाही. दुखणं आधीच्या नामात आहे. ‘साठी’, ‘करिता’ यांसारखं शब्दयोगी अव्यय लागताना मराठीत नामाचं सामान्यरूप होतं, म्हणजे ते जोडण्यापुरतं नामाचं रूप बदलतं: तक्रारीसाठी, हप्त्यासाठी, विम्यासाठी. ‘शिल्लक रक्कम’चं ‘शिल्लक रकमेसाठी’ होतं, आणि ‘नवे कार्ड’मध्ये तर विशेषणही बदलतं: ‘नव्या कार्डासाठी’.

ही चूक होते ती बहुधा साच्यामुळे. अशा फोनसेवा लिहिण्यासाठी व्हॉइसएक्सएमएल ही भाषा आहे, तिची २.० आवृत्ती २००४ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात ‘मेनू’ टॅगच्या, म्हणजे खुणेच्या, आत एकेक ‘चॉइस’ (पर्याय) लिहितात आणि ‘एन्युमरेट’ टॅगमध्ये वाक्य एकदाच देतात: अमुक साठी तमुक दाबा. अमुकच्या जागी पर्यायाचं नाव, तमुकच्या जागी आकडा. इंग्रजीत ‘फॉर’नंतर नाम आहे तसंच राहतं, म्हणून तिथे साचा सुखानं चालतो. आपल्याकडे नाम तसंच राहिलं की वाक्य मोडतं.

आणि हे चटकन लक्षातही येत नाही! सुरुवातीला ऐकू येतं ते ‘मराठीसाठी’, ‘हिंदीसाठी’, ‘इंग्रजीसाठी’. ही तिन्ही नामं ईकारान्त स्त्रीलिंगी, त्यांचं एकवचनी सामान्यरूप मुळासारखंच. पहिली पायरी निर्दोष वाटते, ठेच दुसऱ्या पायरीवर लागते.

चॉइसमध्येच ‘तक्रारीसाठी’ लिहिलं तर? ऐकायला ठीक, पण ग्राहकानं तोंडानं काय म्हटलं की ओळखायचं, हेही यंत्र त्याच मजकुरावरून ठरवतं. माणूस तर नुसतं ‘तक्रार’ म्हणणार. म्हणून चॉइसच्या आत, ओळखायचे शब्द सांगणारा वेगळा ‘ग्रामर’ टॅग देऊन तिथे ‘तक्रार’ लिहावं लागतं.

मला विचाराल तर साचा सोडून प्रत्येक वाक्य हातानं लिहावं: ‘तक्रार नोंदवायची असेल तर दोन दाबा’, ‘शिल्लक रक्कम जाणून घ्यायची असेल तर तीन दाबा’. चार शब्द वाढतात, पण बँकेच्या खिडकीपलीकडचा माणूस असंच बोलतो. आकडा मात्र शेवटीच हवा. ‘दोन दाबा’ आधी आलं, तर कशासाठी ते कळेपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला असतो.