दृश्याशी जुळवण्यासाठी संगीताची लय बदलावी का, आणि बदलायची तर कशी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या सराफ्यावरील (दिवसा दागिन्यांचा, रात्री खाद्यपदार्थांचा बाजार) लघुपटात शेवटच्या सोनाराचे शटर खाली येते आणि कढईत पहिले गराडू (तळून खायच्या कंदाचे तुकडे) पडतात, तो क्षण ४८व्या सेकंदाला आहे, सतार-तबल्याचा ट्रॅक तीनतालात, मिनिटाला ८४ मात्रांच्या लयीत आहे, सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, त्या क्षणाच्या आधीच येऊन जाते आणि ट्रॅक ताणला की तबला फुटल्यासारखा ऐकू येतो. मीही इंदुरातच चित्रपटांच्या ध्वनीचे काम करतो आणि माझे मत स्पष्ट आहे: ताणणे हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी कोणत्या एका क्षणावर सम हवी हे ठरवावे आणि गणित करावे.

८४च्या लयीत एक मात्रा ०.७१४ सेकंदाची आणि सोळा मात्रांचे आवर्तन ११.४३ सेकंदांचे होते. चार आवर्तने संपून पाचव्याची सम ४५.७१ सेकंदाला येते, म्हणजे आपल्या क्षणाच्या २.२९ सेकंद आधी. मग पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी उपाय हा की, ट्रॅक तेवढाच उशिरा, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५७ फ्रेमनंतर, सुरू करावा. सराफ्याच्या सुरुवातीच्या दृश्यांत दुकाने आवरण्याचे, माणसांचे, वाहनांचे इतके आवाज असतात की दोन सेकंद संगीत नसले तरी पोकळी जाणवत नाही, उलट बाजार आधी ऐकू येतो. दिग्दर्शकाला पहिल्या फ्रेमपासून संगीत हवेच असेल, तर त्या दोन सेकंदांत नुसता तानपुरा वाजू द्यावा.

हे मान्य झाले नाही तरच लयीला हात लावावा. चौसष्ट मात्रा ४८ सेकंदांत बसवायच्या म्हणजे ६४ × ६० ÷ ४८, अर्थात मिनिटाला ८० मात्रा. लांबी पाच टक्क्यांनी वाढते. सतारीला एवढा ताण बहुधा सोसतो, तबल्याला सोसत नाही, आणि त्याचे कारण यंत्राच्या पद्धतीतच आहे. सूर तोच ठेवून लय बदलणारे सॉफ्टवेअर ध्वनीचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर सरकवत पुन्हा जोडते. लांबणाऱ्या स्वरात ही जोडणी लपते, पण ‘ना’ किंवा ‘तिं’ या तबल्याच्या बोलांचा आघात काही मिलिसेकंदांतच होऊन जातो, त्यामुळे तो जोडणीत पसरतो किंवा दोनदा उमटतो. आपल्याला जे फुटल्यासारखे वाटते ते हेच असावे.

म्हणून संगीतकाराकडून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक मागवावा. तबल्याचे बोल आघाताच्या अगदी आधी कापून नव्या मात्रांवर ठेवावेत, ताणू नयेत. दर मात्रेमागे जेमतेम ०.०३६ सेकंदाची फट पडते, ती बोलाच्या शेवटाला छोटा फेड देऊन, म्हणजे आवाज हळूहळू उतरवून, झाकता येते, आणि बायाची (डग्ग्याची) आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, जिथे तुटलेली जाणवते तिथे फक्त ती आस ताणावी. तानपुऱ्याला लयीची गरज नाही, त्याला हात लावूच नये. सतारीत प्रत्येक फिरतीचा (स्वरवाक्याचा) आरंभ नव्या जागी सरकवावा आणि जिथे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, अखंड आहे तिथेच ताण द्यावा. प्रो टूल्स या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमधील इलॅस्टिक ऑडिओ या लय बदलण्याच्या सोयीत तबल्यासाठी रिदमिक आणि सतारीसाठी पॉलिफॉनिक हे पर्याय वेगळे ठेवले आहेत. मिसळलेल्या एकाच फाइलला एकच पर्याय लावल्यावर कुणातरी एका वाद्यावर अन्याय होणारच.

वेगळे ट्रॅक मिळत नसतील तर व्हॅरिस्पीडचा, म्हणजे अख्खा ट्रॅकच सावकाश चालवण्याचा, विचार करावा. यात लयीबरोबर सूरही उतरतो, ८४ वरून ८० वर येताना सुमारे ०.८५ सेमीटोन, पण बोल अखंड राहतात. पूर्वी २४ फ्रेमचे चित्रपट २५ फ्रेमच्या दूरचित्रवाणीवर दाखवताना सुमारे ४ टक्के वेगाने चालत आणि सूर ०.७ सेमीटोनने चढत असे, तरी प्रेक्षक ते पाहत असत. सोबत दुसरे सुरेल काही वाजत नसेल तर हा मार्ग मला कृत्रिम ताणापेक्षा बरा वाटतो. मात्र संगीतकाराकडे अजून वेळ असेल, तर ८०च्या क्लिकवर (मात्रा दाखवणाऱ्या ठोक्यावर) तबला पुन्हा वाजवून घेण्यासारखे दुसरे काही नाही, कारण लय थोडी उतरली की वादक बायाचे वजनही आपोआप बदलतो आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरला जमत नाही.

सम फ्रेमवर तंतोतंत बसलीच पाहिजे असा आग्रह धरू नये. दूरचित्रवाणीतील ध्वनी-चित्र जुळणीविषयीच्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, पण नंतर आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खटकत नाही. संगीताला हे जसेच्या तसे लागू नसले तरी दिशा तीच आहे: गराडू तेलात पडल्यावर एक-दोन फ्रेमनी सम आली तर चालते, आधी आलेली मात्र कच्ची वाटते. फ्रेमदर तेवढा पक्का विचारून घ्यावा. २४ आणि २३.९७६ यांतला ०.१ टक्क्याचा फरक ४८ सेकंदांत एका फ्रेमहून थोडा जास्त होतो.

बाकीचे कट मात्रांवर बसवण्याच्या मागे लागू नये. ८०च्या लयीत समा १२, २४, ३६ आणि ४८व्या सेकंदाला येतात. प्रत्येक सम कटवर पडली तर चौथी येईपर्यंत प्रेक्षकाला ती आधीच कळलेली असते. (उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदूर घराण्याचा अतिविलंबित (अत्यंत संथ) झूमरा ताल वापरायचा असता तर हे गणितच निरुपयोगी ठरले असते, तिथे एक मात्राच कित्येक सेकंद चालते, म्हणून मात्रा न मोजता आलापाच्या वाक्याचा शेवट दृश्याशी जुळवावा लागतो.)

संकलन अंतिम झाल्यावरच संगीतकाराला व्हिडिओ पाठवावा, त्यावर टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ दाखवणारा आकडा) उमटवलेला असावा, आणि सोबत तीनच गोष्टी लिहाव्यात: फ्रेमदर, गराडू पडतात त्या फ्रेमचा टाइमकोड आणि ठरलेली लय, ८४ किंवा ८० मात्रांची.