‘फोन काढून घेऊ का?’

पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते वेगवेगळ्या तक्रारी घेऊन, पण थोड्याच वेळात प्रश्न तोच निघतो. मुलगा इन्स्टाग्रामवर कोणाशी बोलतो कळत नाही, मुलगी दार लावून बसते, मग फोन काढून घेऊ का? गुपचूप पासवर्ड मिळवू का? लक्ष ठेवणारं एखादं अ‍ॅप टाकू का? हो-नाही असं उत्तर देण्यापेक्षा एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निखिल, वय 15. आईचं म्हणणं असं, की तो नीट जेवत नाही, रात्री फोन घेऊन बाथरूममध्ये बसतो आणि कारण न सांगता पैसे मागतो. वडिलांचं निदान तयार होतं: गेमचं व्यसन. पहिल्या भेटीत निखिल जवळजवळ गप्पच होता. मीही फोनचा विषय काढला नाही. निघताना त्यानेच विचारलं, “वर्गातल्या एकाला कोणीतरी ऑनलाइन त्रास देतंय. त्याने घरी सांगितलं तर काय होईल?”

मुलं मोठी गोष्ट एकदम सांगत नाहीत. आधी ‘वर्गातल्या एकाची’ म्हणून सांगून बघतात आणि आपला चेहरा वाचतात. “असल्या पोरांना फोन देतातच कशाला!” असं आपल्या तोंडून गेलं, की पुढचं कधीच ऐकायला मिळत नाही. आईला नंतर आठवलं, हाच प्रश्न त्याने जेवताना घरीही टाकला होता आणि उत्तरही साधारण हेच मिळालं होतं.

मी म्हटलं, “मी असते तर आधी त्याला विचारलं असतं, आत्ता मदत काय हवी आहे?”

पुढच्या भेटीत सगळं बाहेर आलं. या प्रकाराची चाल ठरलेली असते. समवयस्क मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते. वर्गातल्या काही मुलांनी ती आधीच स्वीकारलेली असते, त्यामुळे म्युच्युअल फॉलोअर्स दिसतात आणि विश्वास बसतो. लवकरच “इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू” असं येतं. ‘ती’ आधी स्वतःचा म्हणून नग्न फोटो पाठवते, मग त्याचा तसाच मागते. तो मिळाला की काही मिनिटांत त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट समोर येतो: पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. निखिलने साठवलेले पैसे दिले. अर्थातच मागणी वाढली. पैसे देणारा सापडला की त्याला सोडत नाहीत.

“हे आई-बाबांना सांगावं लागेल,” मी म्हटलं. “पण कसं सांगायचं ते आपण दोघं ठरवू.”

वडिलांचा पहिला प्रश्न, “मला आधी का नाही सांगितलंस?”

मी त्यांनाच विचारलं, “सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यात आधी काय केलं असतं?”

“फोन काढून घेतला असता.” एवढं बोलून ते थांबले.

निखिल मान खाली घालून म्हणाला, “तो धमक्या देणारा पण हेच लिहायचा. बापाला कळलं तर तुझं काय होईल बघ.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही ती शांतता मोडली नाही, कारण जे समजायला हवं होतं ते त्यांना माझ्याकडून नव्हे, एकमेकांकडून समजत होतं. धमकावणाऱ्याचं निम्मं काम घरातली भीतीच करत होती. मी वर्तनाकडे बघून काम करणारी. ज्या वागण्यामागून शिक्षा येते ते वागणं माणूस सोडतो. सांगितल्यावर फोन गेला, तर मूल सांगणं सोडतं. फोन वापरणं सोडत नाही. लक्ष ठेवायला लपवून टाकलेल्या अ‍ॅपचंही तेच होतं. ते कळलं की मुलं दुसरं खातं उघडतात.

मग कामाला लागलो. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. घाबरून सगळं डिलीट करणं ही सर्रास होणारी चूक. पैसे द्यायचे नाहीत, वाद घालायचा नाही. आधी धमकीच्या चॅटचे, युजरनेमचे आणि पैसे मागितलेल्या खात्याच्या तपशिलाचे स्क्रीनशॉट घ्यायचे. प्रोफाइलची लिंकही जपायची, कारण नाव क्षणात बदलता येतं. मग अ‍ॅपमध्ये रिपोर्ट, मग ब्लॉक, मग पोलिसांत तक्रार. मुलाचा फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून कुणा नातेवाइकाला फॉरवर्ड करू नका.

18 वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात. नाव द्यावं लागत नाही. पण ठसा घ्यायला मूळ फोटो लागतो, म्हणून तो आधीच पुसू नका. मर्यादाही आहेत: फोटो कापला किंवा बदलला तर ठसा जुळत नाही, आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे जिथला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही तिथे, याचा उपयोग नाही. वय 18 च्या पुढे असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही तशीच सेवा आहे.

हे उघड होईल त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. “जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर बाकी सगळं मागे ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा.

सेटिंग बघताना एक गोष्ट सापडली. निखिलने खातं उघडलं तेव्हा तो 10 वर्षांचा होता. किमान वय 13, म्हणून त्याने जन्मसाल तीन वर्षं मागे टाकलं. आज तो 15 चा, पण इन्स्टाग्रामच्या लेखी 18 चा, सज्ञान. सप्टेंबर 2024 पासून इन्स्टाग्रामने टप्प्याटप्प्याने आणलेल्या ‘टीन अकाउंट’मध्ये 16 खालच्यांचं खातं, आणि 18 खालच्यांनी नव्याने उघडलेलंही, आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही आणि 16 खालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. त्यातलं काहीच त्याला लागू नव्हतं. अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पर्सनल डिटेल्स’मधली जन्मतारीख आज मुलासोबत बसून बघाच. आणि खातं प्रायव्हेट केलं तरी आधी घेतलेले फॉलोअर्स आतच राहतात आणि त्यांना यादीही दिसते. ती एकेक नाव बघून साफ करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण “याला प्रत्यक्ष भेटला आहेस का?” या एका प्रश्नावर निखिलची यादी निम्मी झाली.

घरी नियम दोनच ठरले. रात्री सगळ्यांचे फोन, बाबांचाही, हॉलमध्ये चार्जिंगला. आणि वडिलांनी स्वतःच्या शब्दांत दिलेली हमी: “तू येऊन सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही.” ही हमी छोट्या गोष्टीत पाळली तरच मोठ्या वेळी मूल येतं. काही दिवसांनी निखिलने मुद्दामच सांगितलं, की एका अनोळखी ग्रुपमध्ये त्याला कोणी अ‍ॅड केलंय. वडिलांचा हात फोनकडे गेला आणि मागे आला. मग दोघांनी बसून व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘प्रायव्हसी’त ‘ग्रुप्स’ उघडलं आणि ‘माय काँटॅक्ट्स’ केलं.

फोटो कुणाला गेलाच तर काय करायचं, याचीही तयारी आम्ही केली. मित्रांना पाठवायचा मेसेज निखिलनेच लिहिला: “माझ्याकडून फसवून घेतलेला फोटो कोणी पाठवला तर उघडू नकोस, पुढे पाठवू नकोस, त्या आयडीला रिपोर्ट कर. घरी माहीत आहे.” शेवटचे तीन शब्द त्याने स्वतःहून टाकले होते.