शी होते, पण जागा चुकलेली आहे

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यातले. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. लस देताना नर्सताईंच्या लक्षात आले की तिच्या गुदद्वाराची जागा बंद असून शी योनीमुखाजवळच्या बारीक छिद्रातून येते. कोल्हापुरातील एक डॉक्टर आधी पोटावर शौचमार्ग काढू म्हणतात, दुसरे एकाच वेळी सर्व करू म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे, शी होते आहे, तर मोठी होऊ द्या. काय करावे?
– एक आई

उत्तर : ताई, सुमारे 5,000 जन्मांमागे एका बाळात गुदद्वाराचा जन्मदोष आढळतो आणि मुलींमध्ये त्याचा हाच प्रकार सर्वाधिक दिसतो. ग्रहण न पाळल्याने किंवा तुमच्या खाण्यापिण्याने तो झालेला नाही, हे घरातल्या सर्वांना ठामपणे सांगा.

मात्र थांबू नका. छिद्र अरुंद असल्याने मळ साचत जातो, आतडे फुगते आणि बद्धकोष्ठ जडते.

यावरच्या शस्त्रक्रियेत, 1982 साली पेन्या आणि डी व्ह्रीस या शल्यचिकित्सकांनी मांडलेल्या पद्धतीनुसार, मागच्या बाजूने मधोमध छेद घेतात, विजेच्या सौम्य उत्तेजनाने शौच रोखणाऱ्या स्नायूंचे केंद्र शोधतात आणि योनीच्या भिंतीला चिकटलेले आतडे अतिशय जपून सोडवून त्या केंद्रात बसवतात. शी बाहेर पडण्यासाठी पोटावर तात्पुरता मार्ग काढला तर जखमेला मळ लागत नाही. एका टप्प्यात केल्यास तो मार्ग काढण्याचे आणि पुढे बंद करण्याचे, असे दोन ऑपरेशनांचे बाळाचे कष्ट वाचतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत, तेव्हा केवळ ऑपरेशनांची संख्या मोजून ठरवू नका. जखम उसवली तर दुसऱ्या खेपेला पहिल्यासारखे निरोगी ऊतक मिळत नाही. म्हणून बालशल्यचिकित्सकांना असा दोष असलेल्या मुलींवर शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव किती आहे, हे निःसंकोच विचारा. लघवीचे छिद्र आणि योनीमुख वेगवेगळे दिसते ना, याचीही खात्री करून घ्या, कारण सर्वांचे मिळून एकच छिद्र असेल तर दोष अधिक गुंतागुंतीचा असतो. मूत्रपिंडांची व मणक्याची सोनोग्राफी आणि हृदयाची टू-डी इको आधीच व्हायला हवी.

खरी कसोटी पुढे आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी नवे गुदद्वार आकसू नये म्हणून धातूच्या गुळगुळीत सळईने, म्हणजे डायलेटरने, ते रुंदावण्यास सुरुवात होते. बाळाचे गुडघे पोटाशी धरायचे, सळईला जेली लावायची आणि ती हलकेच आत सरकवायची. बहुधा दिवसातून दोनदा, डॉक्टर सांगतील तसा आकार वाढवत. बाळ रडते म्हणून अनेक घरांत हे मध्येच सोडले जाते आणि द्वार पुन्हा आवळते. दवाखान्यातून निघण्यापूर्वी तुम्ही आणि बाळाचे वडील दोघांनीही ते नर्ससमोर स्वतःच्या हाताने करून पाहा. पुढेही बद्धकोष्ठावर लक्ष ठेवावे लागेल. माकडहाडाच्या वरचे हाड (त्रिकास्थी) नीट असेल तर अशा बहुतेक मुलींना शौचावर चांगले नियंत्रण येते. पाळी सुरू होण्याच्या वयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडूनही तपासणी करून घ्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे करा. जाताना शिधापत्रिका आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा.