पोर्ट्रेट फोटो उजळ आणि रंग ताजे दिसावेत यासाठी लाइटिंग आणि एडिटिंग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बरा वाटतो, पण कॉम्प्युटरवर उघडला की मळकट दिसतो. एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) वाढवलं की चेहरा पांढराफटक पडतो आणि सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवलं की नारिंगी होतो. मग चूक लाइटिंगची की एडिटिंगची?

बहुतेक करून लाइटिंगची, आणि ते तुमच्या दोन तक्रारींवरूनच कळतं. एक्सपोजर थोडं वाढवल्याबरोबर चेहरा फुटत असेल, तर प्रकाश कमी नव्हता, तो विषम होता. कपाळ, नाक आणि गाल आधीच पुरेसे उजळ होते, अंधार होता तो डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली. एक्सपोजरचा स्लायडर दोन्हीकडे सारखाच उजेड टाकतो, त्यामुळे खोबणी सुधारण्याआधी कपाळ हाताबाहेर जातं. सॅच्युरेशनचंही तसंच आहे. त्वचेवर पडलेला रंग मुळात बिघडलेला असताना तो स्लायडर ओढणं म्हणजे बेसूर गाण्याला लाउडस्पीकर लावणं.

म्हणून आधी प्रकाशाचं बघू.

उजळ पोर्ट्रेटला मऊ प्रकाश लागतो, आणि प्रकाश मऊ होतो तो स्रोत चेहऱ्याच्या मानाने मोठा असला की. सूर्य प्रचंड आहे, पण आकाशात तो जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून भर उन्हात नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. तोच ढगाआड गेला की अख्खं आकाश स्रोत बनतं. मात्र ढगाळ दिवशी प्रकाश वरून येतो आणि डोळे काळवंडतात, तेव्हा छातीच्या उंचीवर पांढरा बोर्ड धरावा किंवा हनुवटी किंचित वर करायला सांगावी. घरात असाल तर थेट ऊन न येणारी मोठी खिडकी कुठल्याही स्वस्त लाइटपेक्षा चांगली. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, थोडं तिरकं उभं करा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल ठेवा. चेहऱ्याची सावलीची बाजू उघडते आणि डोळ्यांत खिडकीचं प्रतिबिंब येतं. तो डोळ्यातला ठिपका, ज्याला कॅचलाइट म्हणतात, नसेल तर बाकी सगळं नीट असूनही चेहरा निस्तेज वाटतो.

सॉफ्टबॉक्स (समोर पांढरं कापड लावलेली लाइटची पेटी) असेल तर तो त्याच्या कर्णाइतक्या अंतरावर ठेवून सुरुवात करा. लांब नेला की दोन गोष्टी एकदम बिघडतात: स्रोत चेहऱ्याच्या मानाने लहान होतो म्हणून सावल्या कडक होतात, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणजे सरळ दोन स्टॉपचं नुकसान (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं). झगझगीत, सावलीविरहित लूकसाठी सोपी मांडणी अशी: सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या समोर, थोडा वर आणि खाली झुकवलेला, तर रिफ्लेक्टर (उजेड परत फेकणारा बोर्ड) छातीपाशी, चेहऱ्याकडे कललेला. खालून येणारा उजेड वरच्यापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी राहू द्या. दोन्ही सारखे झाले तर चेहरा सपाट होतो, खालचा वरचढ झाला तर भुतासारखा.

आता रंगाकडे येतो, कारण मळकटपणाचं खरं मूळ मला इथेच सापडत आलं आहे. खिडकीतून येणारा प्रकाश साधारण ५५०० ते ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) असतो आणि छताचा पिवळसर बल्ब २७०० ते ३००० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट, आणि मधल्या भागाला ना धड हा रंग ना तो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगाची दुरुस्ती, संपूर्ण फोटोला एकच लागतो, त्यामुळे एक गाल सुधारला की दुसरा बिघडणारच. उपाय फुकट आहे: खोलीतले सगळे दिवे बंद करा. थोडा अंधार झाला तरी चालेल, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा. आजच्या कॅमेऱ्यांतला थोडासा नॉइज (दाणेदारपणा) एडिटिंगमध्ये सहज आवरतो, मिसळलेला प्रकाश आवरत नाही.

दुसरा चोर म्हणजे परावर्तित रंग. हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवी झाक येते. रंगवलेल्या भिंतीजवळ उभं राहिलं की त्या बाजूचा गाल भिंतीचा रंग घेतो, आणि भडक टी-शर्ट तर मानेला रंगवूनच सोडतो. काढताना हे दिसत नाही, कारण आपला मेंदू ते परस्पर दुरुस्त करतो. फोटो उघडल्यावर मात्र त्वचा आजारी वाटते आणि का ते कळत नाही.

एलईडी घेणार असाल तर सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा) आकडा तुम्ही बघालच, पण आर९, म्हणजे गडद लालाचा वेगळा आकडा, तोही विचारा. सीआरआयची सरासरी पहिल्या आठ फिक्या रंगनमुन्यांवर काढतात, गडद लाल हा नववा नमुना त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे डब्यावर ८० लिहिलेला दिवा लाल रंगात अगदी कंगाल असू शकतो, आणि त्वचेचं चैतन्य तर लालातच असतं. जो रंग दिव्यातून आलाच नाही तो स्लायडर कुठून आणणार? ९५ च्या पुढचा सीआरआय आणि चांगला आर९ असलेला एकच दिवा घ्या, साध्या तीन दिव्यांपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

रंग उठून दिसतात ते शेजारच्या रंगामुळे. माणूस गोरा असो वा सावळा, त्वचेची छटा रंगचक्रावर नारिंगीच्याच आसपास पडते, फरक असतो तो उजळपणात आणि गडदपणात. म्हणून निळी, मोरपिशी किंवा निळसर राखाडी पार्श्वभूमी चेहरा पुढे आणते, तर बेज भिंतीवर तो विरघळून जातो. फ्रेममध्ये त्वचा सोडून दोनच ठळक रंग ठेवा असं मी सांगेन. पाच भडक रंगांचा फोटो जत्रेसारखा दिसतो, आणि त्यात चेहऱ्याकडे कोणी बघत नाही.

पांढरी पार्श्वभूमी हवी असेल तर ती चेहऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ पुरे. त्याहून बरीच जास्त उजळ केली की प्रकाश लेन्समध्ये पसरतो, केसांच्या कडा खाल्ल्या जातात आणि अख्ख्या फोटोवर धुरकट पडदा येतो. माणसाला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणलं की हा त्रास बराच कमी होतो.

एक गोष्ट ठासून सांगतो: उजळ फोटो म्हणजे गोरा केलेला चेहरा नव्हे. सावळ्या त्वचेची चमक एक्सपोजर चढवून येत नाही, ती कपाळावर आणि गालाच्या हाडावर उमटणाऱ्या मोठ्या, मऊ हायलाइटमधून (सर्वात उजळ भागातून) येते. तिथे स्रोत आणखी मोठा करा, बाजूने आणा आणि त्वचेचा मूळ गडदपणा राहू द्या. एक्सपोजर ताणून तीच त्वचा राखाडी दिसायला लागते.

कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) चालू करा. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाला नेऊ पाहतो, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो हमखास काळपट येतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात हाताने केलेला बदल) अर्धा ते एक स्टॉप वर ठेवा, हायलाइटचा इशारा (पांढरेफटक पडलेले भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करा आणि चेहऱ्यावर तो लुकलुकत नाही ना ते पाहा. त्वचेत लाल चॅनेल (लाल रंगाची नोंद) सर्वात आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला अडकतो, आणि तिथे पिवळट डाग पडतो, जो नंतर निघत नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा आणि मग हवं तेवढं वर-खाली सरकवा, एवढंच पुरे.

एडिटिंगमध्ये क्रम महत्त्वाचा. पहिला व्हाइट बॅलन्स, आणि तो ग्रे कार्डवरून (रंगछटा नसलेल्या करड्या कार्डावरून). सुरुवातीला एक फोटो कार्ड हातात धरायला लावून काढून ठेवा. दात किंवा डोळ्यांचा पांढरा भाग यावर भरवसा ठेवू नका, ते क्वचितच खरे पांढरे असतात.

मग कर्व्ह, म्हणजे गडद ते उजळ भागांचा उजेड वेगवेगळा बदलायची वक्ररेषा. उजळपणा जाणवतो तो मिडटोनमध्ये (ना फार गडद ना फार उजळ अशा भागांत), म्हणून कर्व्हचा मधला भाग थोडा वर उचला, हायलाइट्स थोडे खाली घ्या, आणि सर्वात गडद टोक जागच्या जागी धरून ठेवा. शॅडोजचा स्लायडर शेवटपर्यंत ओढायची सवय असेल तर ती सोडा. केस, बाहुल्या, पापण्या यांत कुठेतरी खरा काळा उरला पाहिजे, नाहीतर डोळ्याला तुलनेला काही मिळत नाही आणि उजळ फोटो नुसता फिका वाटतो. कर्व्हने कॉन्ट्रास्ट वाढला की रंगही आपोआप गडद होतात, म्हणून रंगाच्या स्लायडरना त्याच्या आधी हात लावू नये.

त्यानंतर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स. सॅच्युरेशन सगळे रंग सारखेच ढकलतं. व्हायब्रन्स आधीच गडद असलेल्यांना कमी हलवतं, फिक्यांना जास्त, आणि त्वचेच्या छटा सांभाळून घेतं. मग एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या पॅनेलमध्ये) नारिंगीचं ल्युमिनन्स (उजळपणा) १० ते १५ ने वर आणि तिचंच सॅच्युरेशन ५ ते १० ने खाली. चेहरा निर्मळ दिसायला लागतो, कपडे आणि पार्श्वभूमीचे बाकी रंग तसेच ताजे राहतात. चेहऱ्यावर लालसर आणि पिवळट चट्टे असतील तर लाल आणि पिवळ्याचे ह्यू (छटा) दोन्ही बाजूंनी नारिंगीकडे थोडे सरकवा. सावळ्या चेहऱ्यावर मात्र ल्युमिनन्स जपून, वर सांगितलेल्या कारणासाठीच.

शेवटी मास्क, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून फक्त तिथेच बदल करणं. चेहरा पाव ते अर्धा स्टॉप वर, पार्श्वभूमी तेवढीच खाली. एकूण एक्सपोजर न वाढवताही फोटो उजळलेला वाटतो. क्लॅरिटी (बारीक तपशील ठळक करणारा स्लायडर) केसांना आणि कपड्यांना द्या, त्वचेला नको. डोळ्यांतली बुबुळं किंचित उजळवा, पांढऱ्या भागाला हात लावू नका.

एक्सपोर्ट करताना एसआरजीबी (बहुतेक स्क्रीन आणि वेबसाइट वापरतात ती रंगांची व्याप्ती) निवडा. अॅडोबी आरजीबी या अधिक रुंद व्याप्तीतला फोटो कलर मॅनेजमेंट नसलेल्या (ही व्याप्ती न ओळखणाऱ्या) अॅपमध्ये उघडला की रंग मरगळलेले दिसतात, आणि लोकांना वाटतं एडिटिंग चुकलं. मॉनिटरचा ब्राइटनेसही तपासा, १०० ते १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) पुरे. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो इतरांच्या स्क्रीनवर अंधारा जातो.

आधीच काढून ठेवलेल्या, दोन प्रकाश मिसळलेल्या फोटोंना फार काही करता येत नाही. चेहऱ्याच्या पिवळ्या बाजूवर मास्क लावून तिथलं टेम्परेचर निळ्याकडे नेऊन बघा. जुळलं तर ठीक, नाहीतर ते फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून टाका.