हाड जुळतंय, पण मन अजून रस्त्यावरच

प्रश्न : सायकल अपघातात नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला सहा आठवडे झाले. अजून रात्री दचकून उठतात, चिडचिड करतात, सायकलचा विषय काढू देत नाहीत. धीर कसा देऊ?

उत्तर : पहिल्या महिन्यात दचकणं, अपघात डोळ्यांसमोर येणं बहुतेकांना होतं आणि ओसरतं. तुमच्याकडे महिना उलटून गेलाय, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आताच घ्या. मनावरच्या आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा, बोलण्यातून होणारा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळे डावी-उजवीकडे फिरवत त्रासदायक आठवण हाताळण्याचा उपचार) यांचा अशा वेळी चांगला उपयोग होतो. डोक्याला मार लागला होता का? चिडचिड, विसराळूपणा त्यामुळेही येतो. डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरी ‘थोडक्यात निभावलं’ म्हणू नका. आपली भीती कुणाला कळतच नाही असं वाटून माणूस गप्प होतो. ‘काही लागलं तर सांगा’ यापेक्षा ‘चार वाजता व्यायामाला मी शेजारी बसते’ म्हणा. मदत मागायला संकोच वाटतो, ठरलेली मदत घेता येते. अपघाताबद्दल खोदून विचारू नका. आपणहून बोलू लागले तर मध्ये न तोडता ऐका.

सायकल विकू नका, पुढ्यातही आणू नका. तयारी त्यांनी दाखवली की आधी सायकलचा फोटो, मग उभ्या सायकलला हात लावणं, अस्थिरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर व्यायामाच्या स्थिर सायकलवर पाच मिनिटं. भीती बरीच उतरेपर्यंत त्याच पायरीवर राहा. दरवेळी घाबरून मध्येच सोडलं तर ती पक्की होत जाते.

जगणं नको असं बोलले, तर एकटं सोडू नका; लगेच डॉक्टरांकडे न्या.