वहीतला कोरा रकाना

“मी भित्रा आहे की विवेकी, हेच मला कळत नाही,” ही तक्रार समुपदेशनाच्या कामात मी वर्षानुवर्षे निरनिराळ्या तोंडून ऐकत आले आहे. ती ऐकली की मला एक गृहस्थ आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घर घ्यावे की नाही, या विचारात त्यांची तीन वर्षे गेली होती. वडिलांची ठेव एका पतसंस्थेत बुडाल्यापासून घाईने काही करायचे नाही, असा त्यांनी पणच केला होता. त्यांनी सोबत दोनशे पानी वही आणली होती. अकरा घरांचे दर, कर्जाचे हप्ते, पाण्याची सोय, सारे तांबड्या शाईने आखलेल्या रकान्यांत नीट उतरवलेले होते. शेवटच्या रकान्यावर ‘निर्णय’ असे लिहिले होते, आणि त्याखालच्या अकराही ओळी कोऱ्या होत्या.

पहिल्या काही भेटी त्या जुन्या धक्क्याविषयी बोलण्यात गेल्या. मग एके दिवशी मी विचारले, “घर घेतल्यास काय बिघडेल, ते सगळे यात आहे. काहीच न ठरवल्याने काय बिघडते, ते कुठे लिहिले आहे?”

ते बराच वेळ पाने उलटत राहिले. शेवटी वही मिटून म्हणाले, “ते मांडलेच नाही, मॅडम. थांबण्यालाही किंमत असते, हे डोक्यातच आले नाही.”

‘तारतम्य’ हा शब्द ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनेच्या प्रत्ययांपासून आला आहे, तर ‘विवेक’ म्हणजे मुळात वेगळे करणे, निवडणे; दोन्हींसाठी समोर दोन बाजू लागतात. या गृहस्थांच्या तराजूला मात्र एकच पारडे आहे, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसले, आणि तो प्रश्न वेळेवर सुचल्याचे समाधान आजही वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वाटेने मी काम करते. ‘पश्चात्ताप होताच कामा नये’ हा हट्ट सोडून ‘होऊ नये असे वाटते, पण झालाच तर सोसता येईल’ इथवर माणूस आला, की त्याला दोन्ही बाजू दिसू लागतात.

म्हणून अशा प्रत्येकाला मी सांगते, की चुकल्यास नुकसान किती आणि ते भरून निघण्याजोगे आहे का, हे जसे लिहाल, तसेच न ठरवण्याचे नुकसानही लिहा, आणि विचार कधी थांबवायचा ती तारीख आधीच ठरवा.

पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या रकान्यात, अकराही ओळींना मिळून एक उभा कंस काढून, त्यांनी लिहिले होते : ‘मुलीची दहावी होईपर्यंत भाड्यानेच राहायचे. ठरले.’